"होतं गं असं या दिवसांत"

गरोदर बाईला रडू आलं की घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "होतं गं असं या दिवसांत." पुष्कळदा ते खरंही असतं. पण मन उदास, कशातच गोडी नाही, आपण कुणाच्या कामाच्या नाही असं दोन आठवडे रोजच वाटत राहिलं, तर ते डोहाळे नव्हेत. नैराश्याचा आजार असू शकतो. अडचण अशी की थकवा, कमी झोप, अन्नावरची वासना जाणं हे गरोदरपणातही असतंच. त्याआड आजार लपतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. विकसनशील देशांत १५.६ टक्क्यांना. म्हणजे साधारण सहा-सात जणींमागे एक. तपासणीला गेल्यावर वजन होतं, बीपी होतं, हिमोग्लोबिन होतं. मन कसं आहे हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

हा फरक काही नुसत्या हार्मोन्सचा नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या बहुतेक जणी पोटुशी असतानाच खचलेल्या होत्या. कारणं? पैशांची ओढाताण आणि नवऱ्याशी न पटणं. घरात मारहाण किंवा उपासमार असेल तर तिचा परिणाम मुलगा झाला की मुलगी, यावरही ठरत होता. याला गोळी कुठली देणार!

गोळ्या लागतात तेव्हा डॉक्टरांनीच ठरवायच्या. पण खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी वाट काढली. आपल्या आशाताईंसारख्या तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर'ना त्यांनी शिकवून तयार केलं. त्या शेवटच्या महिन्यापासून घरी जात, सोळा भेटी घेत. 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं म्हणायचं नाही. बोलणं बाळाच्या तब्येतीपासून सुरू करायचं, म्हणजे सासूही दार उघडते. मग हळूहळू 'माझ्याच्यानं काही होणार नाही' हा विचार तपासायचा, लहानसं काहीतरी ठरवायचं, पुढच्या भेटीत विचारायचं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या भेटी मिळालेल्यांपैकी २३ टक्के जणींत नैराश्य उरलं होतं. ज्यांच्याकडे नुसत्याच नेहमीच्या भेटी झाल्या, त्यांच्यात ५३ टक्के. पुढे हीच पद्धत शेजारपाजारच्या बायकांना शिकवून गोव्यातही वापरून पाहिली गेली.