पाणी पाहून दोर

२ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्यानं अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, ऑकमल्गी नदीच्या तुटलेल्या वळणात साचलेल्या माँटगोमेरी लेकमध्ये, २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाऊथ बास पकडला. म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्तच. मंदीचे दिवस होते. मासा तोलून झाला, घरी गेला आणि शिजला. पुढची ७७ वर्षं तो आकडा कुणाला गाठता आला नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून जेमतेम औंसभर जड बास काढला. पण इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमानं या वजनाच्या माशाचा विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आज दोघांची नावं बरोबरीनं लावली जातात.

मासा तेवढाच राहिला, पण या ७७ वर्षांत गळाच्या दोराचं जग मुळापासून बदललं. पेरीनं गळ टाकला तेव्हा नायलॉन जन्मालाही आलं नव्हतं. रेशमाचे नाहीतर लिननच्या सुताचे विणलेले दोर तेव्हा वापरात होते. दिवस संपला की ते रिळावरून उलगडून वाळत घालावे लागत, नाहीतर कुजत. १९३५ साली ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूनं नायलॉन तयार केलं. १९३८ साली ते बाजारात आलं ते टूथब्रशच्या केसांच्या रूपात, आणि गळाचा एकपदरी धागा त्याच्या पाठोपाठ. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ड्यूपॉन्टची ‘स्ट्रेन’ आणि बर्कलीची ‘ट्रायलीन’ आली, तेव्हा नायलॉनचा धागा मऊ आणि सामान्य माणसाच्या हाताला वळणारा झाला होता. ही बर्कली कंपनी आयोवातल्या स्पिरिट लेक गावात बर्कली बेडेल यांनी १९३७ साली, शाळकरी वयात, माशांसाठी पिसांच्या कृत्रिम माश्या बांधून विकत सुरू केली होती. पुढे हेच बेडेल अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले.

आज अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात दोरांच्या रिळांनी भरलेली अख्खी भिंत असते. तिथली आपली मराठी मंडळी त्या भिंतीसमोर उभी राहतात ती बहुतेक मुलांच्या हट्टामुळे. घरामागच्या तळ्यात बास आहे, परवाना काढून झाला आहे, रॉड घेतला आहे, आता दोर कोणता? खाडीवर गरवायला गेलेल्या माणसाला तंगूस जाड घ्यायचा की बारीक एवढाच प्रश्न माहीत असतो, आणि त्याचं उत्तर मासा किती मोठा यावर ठरतं. बासच्या बाबतीत नेमकी इथंच दिशा चुकते. बहुतेक तळ्यांतला बास दोन-तीन पौंडांचा असतो; त्याला ओढायला आठ पौंडी, म्हणजे आठ पौंडांची ओढ सोसणारा, दोर पुष्कळ झाला. तरीही त्याच माशासाठी जाणकार माणूस एका ठिकाणी सहा पौंडी दोर लावतो आणि दुसऱ्या ठिकाणी पासष्ट पौंडी. हा फरक माशामुळे पडत नाही, तो पाण्यामुळे पडतो. म्हणून डब्यावरचा पौंडांचा आकडा हा दोर निवडतानाचा शेवटचा प्रश्न आहे, पहिला नव्हे. हे मी आग्रहानं सांगतो, कारण दुकानात बहुतेक गिऱ्हाइकं नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

आधी पदार्थ पाहावा. नायलॉनची घनता १.१४, म्हणजे पाण्याहून किंचित जास्त. त्यामुळे नायलॉनचा दोर सावकाश बुडतो. तो भरपूर ताणतो. तो पाणी शोषतो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो, उन्हानंही झिजतो. हे सगळं वाचून नायलॉन म्हणजे जुना, टाकाऊ माल असं वाटेल, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या जाहिरातींनी तसं वाटायला लावलंही आहे. मला ते पटत नाही. ताणणं हा त्याचा दोष आहे तसाच गुणही आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर फुरफुरत चालणारं आमिष ओढताना बास उसळी मारतो, तेव्हा माणूस घाईनं हिसका देतो आणि आमिष माशाच्या तोंडात नीट जाण्याआधीच बाहेर खेचलं जातं. नायलॉनचा ताण तो अर्धा क्षण मिळवून देतो. शिवाय तो लवकर बुडत नसल्यानं तरंगत्या आमिषाचं नाक खाली ओढत नाही. स्वस्त आहे, त्याला गाठ सहज बसते. पहिल्यांदा बासच्या वाटेला जाणाऱ्यानं दहा पौंडी नायलॉन लावावं आणि एक उन्हाळा त्यावर काढावा, असंच मी कुणालाही सांगेन.

फ्लोरोकार्बनची गोष्ट जपानची. कुरेहा कंपनीनं १९७१ साली ‘सीगार’ या नावानं तो बाजारात आणला. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड हा त्याचा मूळ पदार्थ. घनता १.७८, म्हणून तो झपाट्यानं बुडतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३. दोर आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांतलं अंतर जितकं कमी, तितका प्रकाश त्यांच्या सीमेवर कमी वळतो आणि दोर कमी दिसतो. डब्यावर ‘अदृश्य’ असं लिहिलेलं असतं ते मात्र अतिशयोक्त आहे. १.४२ म्हणजे १.३३ नव्हे, आणि जाड फ्लोरोकार्बन नितळ पाण्यात दिसतोच. त्याचं खरं मोल मला दुसरीकडे वाटतं. तो खडकावर घासला तरी टिकतो, पाणी शोषत नाही, आणि जड असल्यानं सैल सोडला तरी तळाची बातमी हातापर्यंत आणतो. तो अजिबात ताणत नाही ही मात्र समजूत आहे. जोराच्या ओढीखाली तोही लांबतो, आणि लांबल्यावर नायलॉनसारखा पूर्ववत होत नाही. गाठ आवळताना तो थुंकीनं किंवा पाण्यानं ओला केला नाही तर घर्षणाच्या उष्णतेनं तिथंच दुबळा होतो. मासा सुटला की लोक दोराला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष कोरड्या आवळलेल्या गाठीचा असतो.

तिसरा प्रकार वेणीचा, म्हणजे ब्रेडेड दोर. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७९च्या सुमारास अतिदीर्घ साखळ्यांच्या पॉलिथिलीनपासून धागा काढण्याची रीत शोधली. हाच पदार्थ गोळी अडवणाऱ्या जाकिटांत आणि जहाजांच्या दोरखंडांत जातो. नव्वदच्या दशकात त्याच्या बारीक धाग्यांची वेणी घालून केलेले दोर गळाच्या बाजारात आले. त्याची घनता ०.९७, म्हणून तो तरंगतो. ताणत जवळजवळ नाहीच. आणि जाडी पाहिली तर थक्क व्हायला होतं: पन्नास पौंडी वेणीचा दोर साधारण बारा पौंडी नायलॉनएवढा, पासष्ट पौंडी सोळा पौंडी नायलॉनएवढा.

एवढी ताकद कशाला लागते ते अलाबामात समजतं. टेनेसी नदीवर १९३९ साली पूर्ण झालेल्या धरणामागचा गंटर्सव्हिल जलाशय हा त्या राज्यातला सर्वांत मोठा, आणि बासच्या राष्ट्रीय स्पर्धा तिथं अनेकदा भरल्या आहेत. उन्हाळा सरत येतो तसं तिथं पाणवनस्पतींचं छत पृष्ठभागावर पसरतं. त्यातली एक आपल्या चांगल्या ओळखीची आहे. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे आपण पाहिले, तीच हायड्रिला. मत्स्यालयांच्या व्यापारातून ती पन्नासच्या दशकात फ्लोरिडात पोचली आणि मग अमेरिकेची तळी तिनं गिळली. त्या छताखालच्या सावलीत बास दबा धरून असतो. माणूस वरून पोकळ रबरी बेडूक ओढत नेतो. मासा छत फोडून वर येतो, बेडूक घेतो आणि लगेच खाली बुडी मारून देठांमध्ये गुंततो. आता तीन पौंडांच्या माशाबरोबर त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाच्या पाणवनस्पतींचं ओझं ओढायचं असतं. नायलॉन इथं ताणत बसेल आणि मासा तेवढ्यात खोल रुतेल. वेणीचा दोर ताणत नाही, आणि हिरवे देठ कापत बाहेर येतो. पासष्ट पौंडांचा आकडा आहे तो या देठांसाठी. दोर दिसतो का, ही चिंता इथं नाही. छताखालून माशाला तो दिसतच नाही.

आता उत्तरेला जाऊ. मिशिगन आणि कॅनडा यांच्यामधल्या सेंट क्लेअर सरोवरात १९८८ साली झेब्रा शिंपला सापडला. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो युरोपातून आला होता. हे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे तिथलं पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ नितळ झालं. डेट्रॉइटच्या परिसरात मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्या हाताशी असलेलं हे पाणी म्हणजे स्मॉलमाऊथ बासचं नामांकित घर. इथं गंटर्सव्हिलचं शहाणपण उलटं पडतं. पाणी काचेसारखं, मासा संशयी, आणि तळाला धारदार कडांचे शिंपले. वेणीचा बारीक धागा अशा कडेवर पटकन उसवतो. म्हणून रिळावर दहा-पंधरा पौंडी वेणीचा दोर आणि त्याच्या टोकाला सहा ते आठ पौंडी फ्लोरोकार्बनचा वाव-दोन वाव लांबीचा तुकडा, म्हणजे लीडर, अशी जोडणी करतात. वेणीमुळे फेक लांब जाते आणि चावा कळतो. शेवटचा तुकडा कमी दिसतो आणि झीज सोसतो. त्या जोडणीला दोन्ही बाजूंनी बांधलेली युनी गाठ शिकायला सोपी. आमिषाला वेणीचा दोर थेट बांधायचा तर पालोमर गाठ घालावी, कारण हा धागा निसरडा असतो आणि साधी गाठ सरकते. याच कारणानं रिळावर आधी थोडं नायलॉन गुंडाळून मग वेणीचा दोर चढवतात, नाहीतर अख्खी गुंडाळी रिळावर गरगरत राहते.

या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक तळी येतात: थोडं गढूळ पाणी, बुडालेली खोडं, लाकडी धक्के. तिथं निवड आमिषावरून करावी. खोल बुडणाऱ्या क्रँकबेटला दहा-बारा पौंडी फ्लोरोकार्बन, कारण बारीक आणि जड दोरामुळे ते आणखी खोल जातं. जाड दोर पाण्याला अडतो आणि आमिष वरच राहतं. खोडांमध्ये टाकायच्या रबरी गांडुळाला किंवा जिगला पंधरा ते वीस पौंडी. रीळही ध्यानात घ्यावं. स्पिनिंग रिळावर जाड फ्लोरोकार्बन वेटोळी होऊन उसळतो, आणि बेटकास्टिंग रिळावर फार बारीक वेणीचा दोर स्वतःच्याच थरांत रुतून बसतो.

दोर बदलायला मात्र आळस करू नये. नायलॉन हंगामातून दोन-तीनदा बदलावं. वेणीचा दोर काही वर्षं टिकतो आणि एका टोकाला झिजला तर उलटा गुंडाळून पुन्हा वापरता येतो. काढलेला दोर किनाऱ्यावर टाकणं हा अपराध आहे, हे मी स्पष्टच लिहितो. पाणपक्ष्यांचे पाय आणि कासवांच्या माना त्यात अडकतात, आणि यातला कुठलाही पदार्थ कुजत नाही. फ्लोरिडात नावा उतरवायच्या जागी आणि मासेमारीच्या धक्क्यांवर पीव्हीसीच्या नळीच्या पेट्या लावलेल्या असतात. त्यांत टाकलेलं नायलॉन वितळवून पुन्हा वापरात आणतात. वेणीचा दोर त्या पेटीत चालत नाही. त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि झाकणाच्या कचरापेटीत टाकावेत.