जमिनीवरची उड्डाणविद्या

आकाशात झेपावणाऱ्या विमानाचे कौतुक सर्वांनाच असते. परंतु तेच विमान जमिनीवरून बिनचूक चालविणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. हल्ली अनेक घरांतील मुलांना संगणकाच्या पडद्यावर विमान चालविण्याचा छंद जडलेला दिसतो. तो निव्वळ पोरखेळ नव्हे. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यांनी वैमानिकांसाठी जे शिक्षणयंत्र बनविले, ते भात्यांच्या हवेवर हालत असे. कारण त्यांचे घराणे वाद्ये बनविणारे होते. आपल्या पेटीच्या भात्याचेच हे दूरचे नाते! पुढे १९८२ साली मायक्रोसॉफ्टने असे सिम्युलेटर घरगुती संगणकावर आणले.

या छंदात मुले एक पायरी गाळतात, असे आम्हांस दिसते. विमान थेट धावपट्टीवर उभे करावयाचे आणि उडावयाचे! तळावरून धावपट्टीपर्यंतचा पिवळ्या रेघेवरचा प्रवास त्यांना कंटाळवाणा वाटतो. वास्तविक ती पिवळी रेघ म्हणजे विमानविद्येतील दुरेघी वहीच होय.

पहिला धडा असा, की जमिनीवर विमान हाताने नव्हे, पायाने वळते. सेसना १७२ सारख्या लहान विमानात पुढील चाक पायांखालच्या पेडलांशी जोडलेले असते. हातातील चक्र मोटारीसारखे फिरविल्याने काहीच साधत नाही. मोठ्या विमानात पेडलांनी चाक किंचितच वळते, म्हणून मोठ्या वळणासाठी 'टिलर' नावाचे छोटे हातचाक दिलेले असते.

दुसरा धडा नजरेचा. मुख्य वैमानिक मध्यरेषेच्या डावीकडे बसतो. म्हणून पिवळी रेघ पडद्याच्या बरोबर मध्ये धरली, तर विमान रेघेच्या उजवीकडून चालते. रेघ आपल्या किंचित उजवीकडे दिसली पाहिजे. बाहेरून पाहण्याची सोय वापरून पुढील चाक कोठे आहे ते एकदा ताडून घ्यावे, आणि मग नजर नाकाजवळ न खिळविता दूर पुढे ठेवावी.

तिसरा धडा वळणाचा. बैलगाडी अरुंद बोळात घालताना जाणता गाडीवान बैल थोडे पुढे नेऊन मगच वळवितो; नाहीतर मागचे चाक ओट्याला घासते. बोइंग ७४७ मध्ये वैमानिक पुढील चाकाच्याही पुढे, सुमारे तीन मजल्यांच्या उंचीवर बसलेला असतो आणि मुख्य चाके बरीच मागे राहतात. म्हणून रेघ वळली तरी आपण थोडे सरळ पुढे जावे व मग वळावे. उंचीमुळे वेगही कमी भासतो; तेव्हा डोळ्यांवर न विसंबता वेगदर्शक आकडा पाहावा. सरळ मार्गावर २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, आणि वळणावर १० नॉटच्या आत, हा चांगला नेम होय. पेडल हलकेच दाबावे, परिणामाची वाट पाहावी आणि वळण संपण्याआधीच चाक सरळ करू लागावे.

परंतु रेघ गिरविणे पुरेसे नाही. ती योग्य रेघ आहे ना, हेही पाहिले पाहिजे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेई येथे वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे ७४७ विमान हिरव्या दिव्यांच्या मागोमाग दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवर वळले आणि उड्डाणासाठी धावताना यंत्रसामग्रीवर आदळले. ८३ जीव गेले. त्यापूर्वी २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका विमानाने परवानगीविना धाव घेतली होती. दुसरे त्याच पट्टीवरून चालत असता नेमून दिलेल्या वळणापुढे गेले होते.

म्हणून वाचकहो, घरातील मुलाने पडद्यावर विमान सुरू केले, की त्याला विमानतळाचा नकाशा आधी उघडावयास सांगावे. कोणत्या वाटेने जाणार, हे त्याने मोठ्याने म्हणून दाखवावे. धावपट्टीपूर्वी दोन अखंड व दोन तुटक पिवळ्या रेघा येतात. अखंड रेघेपाशी थांबावे आणि परवानगी मिळाल्याविना ती ओलांडू नये. एवढे अंगवळणी पडले, तर आकाश काही पळून जात नाही!