शाबुओथ : शास्त्रदानाचा दिवस

आगाशीच्या शेजारीं नंदाखाल येथें जें ख्रिस्तमंदिर आहे, तें पवित्र आत्म्याच्या नांवाचें आहे. ईस्टरचा दिवस धरून पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. आणि वसईकडील ख्रिस्ती घरांत त्या दिवसाचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. परंतु ते प्रेषित त्या दिवशीं यरुशलेमांत जमले होते तो दिवस मुळांत यहुद्यांचाच एक सण होता, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्या सणाचें हिब्रू नांव ‘शाबुओथ’, म्हणजे आठवडे. वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून सात आठवडे मोजावयाचे. ते भरले कीं पन्नासाव्या दिवशीं, सिवान महिन्याच्या षष्ठीस, हा सण येतो. आपल्याकडे तो वैशाखाच्या किंवा ज्येष्ठाच्या सुमाराचा काळ होय.

मोशेच्या ग्रंथांत या सणाचें जें वर्णन आहे तें सर्वस्वीं शेतकऱ्याच्या सणाचें आहे. गव्हाची कापणी झाली कीं नव्या पिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी मंदिरांत अर्पण करावयाच्या, आणि प्रथमफळें घेऊन देवापुढें जावयाचें. सीनाय पर्वतावर मोशेला शास्त्र मिळालें तो हाच दिवस, असें त्या ग्रंथांत कोठेंहि स्पष्ट म्हटलेलें नाहीं. तो मेळ पुढील शास्त्र्यांनीं दिवस मोजून घातला. इ. स. ७० मध्यें रोमन लोकांनीं यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें. मग भाकरी न्यावयाची कोठें? धान्याचें अर्पण थांबलें आणि शास्त्राचा अर्थ तेवढा उरला. कित्येक ठिकाणीं त्या रात्रीं जागून ग्रंथाध्ययन करण्याची चाल पडली. प्रार्थनेंत मात्र या दिवसाला शास्त्र ‘दिल्याचा’ काळ म्हणतात, ‘घेतल्याचा’ नव्हे. देणें एकदांच झालें. घेण्याचें काम ज्याचें त्याला रोज करावें लागतें, असा त्याचा अर्थ लावतात, आणि तो मार्मिक आहे.

कोंकणांतील बेने इस्राएलांची गोष्ट या अर्थाला वेगळीच धार आणते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारीं बैल सोडून ठेवणारे हे लोक, म्हणून गांवकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता, शनिवारचा विसावा आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. हातीं ग्रंथ मात्र नव्हता. त्यांच्या सणांचीं नांवेंहि मराठी : नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. या जुन्या नांवांत शाबुओथ नाहीं. त्यांत नवल तें काय? कोंकणांत गहूं नाहीं, त्या दिवसांत शेतें भाजून पावसाची वाट पाहात असतात. आणि ज्या ग्रंथाचा हा सण, तोच जवळ नाहीं.

कंपनीच्या फौजेंतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. तीच पुढें ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखली गेली. पण इमारतीनें काम भागत नाहीं. मंदिरांत वाचावयाचा तोरा छापील चालत नाहीं. तो चर्मपत्रावर शाईनें हातानेंच लिहावा लागतो. त्यांत ३,०४,८०५ अक्षरें असतात, आणि एक अक्षर गळलें तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास अयोग्य ठरते. अशी गुंडाळी आणण्यासाठीं दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्यें तेथेंच वारले.

गुंडाळ्या पुढें आल्या. पण ऐकलेलें समजावें कसें, हा प्रश्न राहिलाच. १८३२ मध्यें मिशनरी जॉन विल्सन यांचें हिब्रू व्याकरण मराठींतून निघालें. विल्सनसाहेबांचा हेतु निराळा होता; लोकांनीं विद्या घेतली, धर्म आपलाच ठेवला. त्यांतूनच जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांच्यासारखे विद्वान निघाले आणि त्यांनीं प्रार्थनांचीं भाषांतरें मराठींत केलीं.

१९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएलला गेलीं. तेथें शाबुओथच्या वेळीं गव्हाचें पीक खरोखरच शेतांतून आलेलें असतें. मुंबई, ठाणें, पुणें आणि अलिबागकडे राहिलेल्या थोड्या घरांना सण पाळतांना तें दिसत नाहीं. मंदिरांत त्या सकाळीं गुंडाळी उघडून दहा आज्ञा वाचल्या जातात, त्या मात्र दोन्हीकडे एकाच हिब्रूंत.