विषाणूंच्या मोजणीमागचे हात

विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. जिवंत पेशीत शिरून तिची यंत्रणा वापरल्याशिवाय त्याची एकही प्रत तयार होत नाही, आणि म्हणूनच विषाणूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यकाचा बराचसा वेळ पेशींच्या देखभालीत जातो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, १९५७ साली क्यासनूरच्या जंगलातील माकडतापाचा विषाणू शोधला, त्या काळात विषाणू वाढवण्यासाठी उंदरांची पिल्ले वापरली जात. २०२० साली याच संस्थेने करोना विषाणू वेगळा केला तो मात्र व्हेरो पेशींवर. आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ साली जपानमध्ये तयार झालेल्या या पेशी, विषाणूची चाहूल लागताच इतर पेशी सोडतात ते इंटरफेरॉन नावाचे संरक्षक प्रथिन बनवू शकत नाहीत, त्यामुळे अनेक विषाणू त्यांच्यात सहज वाढतात.

३७ अंश सेल्सिअसला राखलेल्या इन्क्युबेटरमध्ये या पेशी फ्लास्कच्या तळाशी एकेरी थर धरतात. तो दाट झाला की ट्रिप्सिन या विकराने त्या सुट्या करून नव्या फ्लास्कमध्ये घालाव्या लागतात, आणि हे चक्र रविवार किंवा सणवार पाहून थांबत नाही. मायकोप्लाझ्मा हा भित्तिकाहीन जीवाणू तर द्रव गढूळ न करताही पेशींत ठाण मांडतो, म्हणून त्याची चाचणी नेमाने करावी लागते.

या निगुतीची खरी कसोटी लागते ती विषाणू मोजताना. रेनातो दुल्बेको यांनी १९५२ साली मांडलेल्या पद्धतीत विषाणूचा द्रव टप्प्याटप्प्याने दहापट पातळ करून पेशींच्या थरावर सोडतात आणि वर अगारसारख्या घट्ट पदार्थाचा लेप देतात, जेणेकरून विषाणू फक्त शेजारच्या पेशींत पसरतो. पुढे थर रंगवला की मेलेल्या पेशींच्या जागी कोरी वर्तुळे उरतात, त्यांना प्लाक म्हणतात. एक लाखपट पातळ केलेल्या ०.१ मिलिलिटर द्रवातून ४२ प्लाक उमटले, तर मूळ द्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये संसर्गक्षम विषाणूंची संख्या ४ कोटी २० लाख ठरते. शोधनिबंधात हा एकच आकडा छापला जातो. तो घडवणाऱ्या साहाय्यकाचे नाव लेखकांच्या यादीत असणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. कारण पातळ करताना पिपेटची टिप बदलायची राहिली, तरी आधीच्या नळीतील विषाणू पुढच्या नळीत जाऊन संख्या फुगते. शेजारच्या दोन टप्प्यांतील प्लाक साधारण दहास एक या प्रमाणात उतरले नाहीत, तर सगळी मोजणी बाजूला ठेवून नव्या पेशींपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.