ताकदीची गोळी घेताय? आधी बी-१२ तपासून घ्या

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं. आपण म्हणतो, वय झालं. नाहीतर मेडिकलमधून 'ताकदीच्या' गोळ्यांची पट्टी आणतो. दोन्हींत फसायला होतं. का, ते समजायला मुंबईतली एक जुनी गोष्ट बघू.

हार्बर लाइनवर रे रोडला उतरून परळकडे गेलं की हाफकिन संस्था आहे. याच पट्ट्यातल्या गिरण्यांत अन् गोद्यांत कोकणातली, घाटावरची आपली माणसं राबली. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांचं रक्त फार कमी व्हायचं, काही दगावायच्या. बाईंनी त्यांच्या खाण्याकडे बघितलं, ते निकस होतं. मग यीस्टपासून केलेलं मार्माइट नावाचं स्वस्त चाटण दिलं आणि रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या चाटणात होतं ते फोलिक अ‍ॅसिड. पालेभाज्यांत, डाळींत असतं तेच.

पण याच प्रकारच्या रक्तक्षयावर तेव्हा दुसरंही औषध होतं, काळजाचा शुद्ध केलेला अर्क. तो या बायकांना लागू पडला नाही. कारण त्यातला गुण बी-१२ चा होता, आणि ते जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळं करता आलं. दोघांच्याही कमतरतेत रक्ताच्या लाल पेशी मोठ्या होतात. वरून आजार एकच वाटतो.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत खरा धोका इथंच आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन वाढतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि आत नसा खराब होत राहतात. फार उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरून येत नाही.

बी-१२ भाजीपाल्यात नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. रोज लागतं जेमतेम २ मायक्रोग्रॅम, पण वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं आणि खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही. शुगरची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी घट. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यांत खेड्यातलेही होते. २००६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांना बी-१२ कमी निघालं. म्हणजे हे काही फक्त शाकाहारी आजोबांचं दुखणं नाही.

तेव्हा साठीच्या पुढचं माणूस असेल आणि मुंग्या, तोल जाणं, लाल झालेली जीभ यातलं काही दिसलं, तर डॉक्टरांना बी-१२ ची रक्ततपासणी विचारा. कमी निघालं तर इंजेक्शन किंवा जास्त ताकदीची गोळी देतात, आणि फरक पडतो. बी-१२ पुरेसं असेल तर या गोळ्यांनी म्हातारपण लांबत नाही. उलट बी-६ चा मोठा डोस बरेच महिने घेतला तर त्यानंच पाय बधिर होतात. पट्टीवरचं बारीक अक्षर नातवाकडून वाचून घ्या.

आणि हो, गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी झाली तर घाबरू नका. तो बी-२ चा रंग आहे.