बासष्ट ट्रे

पहाटे ५.१५. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या शिवाराकडची ही वस्ती. मे महिन्याचा पहिला आठवडा. रोजानं कामाला जाणाऱ्या एका मावशींच्या तव्यावर शेवटची भाकर आहे. आज दोन डबे भरायचे. एक सकाळच्या नर्सरीचा, दुसरा दुपारनंतरच्या लागवडीचा. डब्यात ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, दोन कांदे. उन्हाळी मिरचीचा हंगाम सुरू झाला की दोन्हीकडून बोलावणं येतं. नर्सरीत पाच तासांचा रोज १५० रुपये. लागवड गुत्त्यानं. आठ बायांनी मिळून एकर घेतलाय, २,४०० रुपयांना.

सकाळी ६.००. नर्सरीला दोन दारं आहेत. पहिलं उघडून आत जायचं, ते लावून घ्यायचं, मगच दुसरं उघडायचं. एवढी खबरदारी पांढऱ्या माशीसाठी आणि फुलकिड्यासाठी. हे आत शिरले की मिरचीवर चुरडामुरडा येतो, पानं आकसून वाटीसारखी होतात आणि झाड वाढायचं थांबतं. एकदा आलेल्या रोगाला औषध नाही. म्हणून बाजूंनी बारीक जाळी आणि वर हिरवं शेडनेट. मावशी आत येता येता पदर झटकतात. कपड्यावर बसूनही माशी आत येते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

६.२०. रात्री टाकीत भिजत घातलेली कोकोपीटची वीट फुगून ढीग झाली आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा, दक्षिणेतून पाच-पाच किलोच्या दाबलेल्या विटा येतात. एका विटेत वीस-पंचवीस ट्रे निघतात. मावशी मूठभर उचलून दाबतात. बोटांतून पाण्याचे एक-दोन थेंब पडले की बरोबर. धार लागली तर बी कुजतं, काहीच पडलं नाही तर उगवत नाही. आजची मूठ जरा ओली आहे. "अजून दोन घमेली कोरडं टाका भाऊ," त्या नर्सरीवाल्याला सांगतात. तो टाकतो.

ट्रे काळ्या प्लास्टिकचा, १०४ कप्प्यांचा. भरायचा, हातानं सपाट करायचा, मग भरलेले ट्रे एकावर एक ठेवून वरून दाबायचे. वरच्या ट्रेच्या बुडानं खालच्या कप्प्यात अर्ध्या सेंटिमीटरचा खळगा पडतो. बी त्या खळग्यात. एका खळग्यात एकच.

बियांचं पाकीट दीड हजार बियांचं. वाणाप्रमाणे ५०० ते १,००० रुपये. म्हणजे एक बी साधारण ५० पैशांचं. एकराला चार पाकिटं पुरत नाहीत, पाचवं फोडावंच लागतं. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको काढली, त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज संकरित वाणांची पाकिटं शहरातून गावोगाव जातात. ते बी शेवटी खळग्यात पडतं मावशींच्या अंगठ्यातून आणि तर्जनीतून. बियांना औषधाचा गुलाबी थर आहे. हातमोजा घातला तर बी बोटाला लागत नाही, दोन-दोन पडतात. म्हणून मोजा डाव्या हातात, उजवा हात उघडा. बोटांची टोकं गुलाबी होतात. न्याहारीआधी दोनदा साबण लावून हात धुवायचे, हा त्यांचा स्वतःचा नेम.

१०४ बिया टाकायला त्यांना तीन-चार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं. शेजारची नवी मुलगी अजून अर्ध्या ट्रेवर असते.

८.००. आता दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. बी टाकलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवतात. आत ऊब आणि ओल राहते, बी लवकर फुटतं. हा कागद कधी काढायचा, हे नर्सरीतलं खरं कसब. लवकर काढला तर निम्मे कप्पे रिकामे दिसतात. एक दिवस उशीर झाला तर अंधारात कोंब लांबट, पांढरे होतात, उजेडात आले की मान टाकतात. मग ती थप्पी वाया. वहीत तारीख लिहिलेली असते, पण वहीवर भागत नाही. उन्हाळ्यात चार दिवसांतही फुटतं, गार हवेत आठवडा लागतो. मावशी थप्पीच्या मधला ट्रे ओढून काढतात. कडेचा नाही, कारण कडेला ऊब कमी असते. खाली वाकून आडव्या नजरेनं बघतात. भुशातून इथे-तिथे पांढरी वळलेली टोकं वर आली आहेत.

"आजच सोडा. उद्यावर ठेवू नका."

नर्सरीवाला दुपारनंतर सोडणार होता. तो लगेच माणूस लावतो. मला वाटतं, या धंद्यात नफा-तोटा ठरतो तो याच वाकून बघण्यात. त्याचा वेगळा रोज कुणी धरत नाही.

९.००. न्याहारी. अर्धी भाकर, कांदा.

९.२०. आता तयार रोपांकडे. ही महिन्याभराची आहेत, चार-पाच पानांवर आलेली. गेले काही दिवस त्यांचं पाणी हळूहळू तोडलंय, म्हणजे देठ टणक होतात आणि शेतातलं ऊन सोसतात. मावशी एक रोप उपसून दाखवतात. कप्प्याच्या आकाराचा गठ्ठा सबंध निघतो, भोवती पांढऱ्या मुळ्यांची जाळी. भुसा सांडला असता तर रोप कच्चं. मुळ्या तपकिरी असत्या तर पाणी जास्त झालं.

मग मोजणी. बी शेतकऱ्याचं असेल तर नर्सरी रोपामागे ७० पैसे घेते, तेही जिवंत रोपाचे. रिकामे कप्पे वजा. ६२ ट्रे, म्हणजे ६,४४८ कप्पे. मावशी प्रत्येक ट्रेवर नजर फिरवून फक्त रिकामे मोजतात आणि मोठ्यानं आकडा सांगतात. चार. सात. तीन. शेतकरी त्यांच्या आकड्यावर हरकत घेत नाही, नर्सरीवालाही नाही. बेरीज ६,१५० रोपं. ४,३०५ रुपये. शेतकरी पाच रुपये सोडायला सांगतो, नर्सरीवाला सोडतो.

१०.१५. छोटा हत्ती टेम्पो येतो. मागे लोखंडी मांडणी, वर शेडनेटचा तुकडा. भाडं ४०० रुपये. ट्रे आडवे सरकवायचे, एकमेकांवर ठेवायचे नाहीत. अकराच्या आत रोपं शेतातल्या लिंबाच्या सावलीत पोचली पाहिजेत.

११.००. नर्सरीचा रोज हातात. शंभराची एक आणि पन्नासची एक.

दुपारी १२ ते ३.३०. ऊन चाळिशीच्या वर. या वेळात कुणी रोप लावत नाही. बाया लिंबाखाली आडव्या होतात. शेतकरी मात्र बेडवर फिरतोय. या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, म्हणून सकाळपासून ठिबक चालवून बेड भिजवून ठेवलेत. विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केलीय. बेड पाच फुटांवर, त्यावर चंदेरी मल्चिंग पेपर. एकराला सात बंडलं लागली, बंडल २,००० रुपयांच्या आसपास. दीड-दीड फुटावर भोकं पाडून तयार आहेत. एकरात साधारण ५,८०० रोपं बसतील.

एक म्हातारी बाई गादीवाफ्याच्या काळातलं सांगते. वाफ्यावर बी फेकायचं, महिन्या-सव्वा महिन्यानं रोपं उपटून जुड्या बांधायच्या. "मुळ्या उघड्या पडायच्या ना, मग रोपं आठ-आठ दिवस उठायचीच नाहीत. शंभरातली वीस-तीस मरायची. पण बी घरचं असायचं, त्याचं कुणाला काय वाटायचं नाही."

३.४५. टपात बुरशीनाशकाचं पाणी. ट्रे बुडापुरता बुडवायचा, निथळायचा, बेडवर न्यायचा.

४.००. लागवड सुरू. रोप मान धरून ओढायचं नाही. खालच्या भोकातून बोटानं गठ्ठा वर ढकलायचा. उजव्या हातातल्या लाकडी खुंटीनं मातीत खड्डा, गठ्ठा आत, दोन्ही बाजूंनी माती दाबायची. गठ्ठ्यावर मातीचा पातळ थर हवाच. भुसा उघडा राहिला तर तो ओल वर खेचून वाऱ्यावर सोडतो, बेड ओला असून रोप सुकतं. आणि देठ पेपरला टेकता कामा नये. दुपारी तापलेला पेपर कोवळा देठ भाजतो. मावशी प्रत्येक रोपाभोवती पेपर बोटानं मागे सारतात. एका रोपाला दहा-बारा सेकंद. मग दीड फूट पुढे. कमरेतून वाकलेल्या, गुडघे सरळ. ओळ संपली की कमरेवर हात ठेवून मागे झुकतात, पाणी पितात, दुसरी ओळ धरतात.

५.३०. नव्या मुलीच्या ओळीत दोन रोपं पेपरला टेकलेली. मावशी मागे येऊन सरळ करतात. "बाई, घाई नको करू. गुत्तं आपलं हाय, पण रोप त्याचं हाय."

शेतकरी बांधावरून विचारतो, "मावशी, अंधारायच्या आत होईल ना?"

"व्हईल. तुम्ही ट्रे तेवढे हाताशी आणून ठेवा."

६.४०. शेवटची ओळ. वाल्व्ह उघडतात, ठिबक अर्धा तास चालू राहणार.

६.५५. हिशेब. २,४०० भागिले आठ, प्रत्येकीला ३००. मावशींची दिवसाची कमाई ४५० झाली. रोपागणिक काढलं तर लावायला ४१ पैसे पडले. साडेतीनशे रोपं उरली आहेत, नांग्या भरायला. ती लिंबाखालीच ठेवायची, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. पाचव्या-सहाव्या दिवशी कुठली धरली नाहीत ते दिसेल. नांग्या भरायचे पैसे गुत्त्यात आहेत की वेगळे, यावर थोडी बोलाचाली होते. शेतकरी दोन बायांचा अर्धा रोज वेगळा द्यायला तयार होतो. मावशी येणाऱ्या शनिवारचं नक्की करतात, पण सकाळी अकरानंतर. तोपर्यंत नर्सरीत पुढच्या थप्पीचा कागद काढायचा असेल.