आलिशान मोटारींतील स्वयंचलित गिअर-निवडकाची रचना आणि चालकाची पसंती : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :

स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारीत चालकाला वेगानुरूप गिअर बदलावे लागत नाहीत. गाडी पुढे न्यावयाची, मागे घ्यावयाची, मोकळी सोडावयाची की जागीच जखडून ठेवावयाची, एवढाच निर्णय त्याच्याकडे उरतो. हा निर्णय यंत्रापर्यंत पोहोचविणाऱ्या साधनास प्रस्तुत लेखात 'गिअर-निवडक' असे म्हटले आहे. निर्णय केवळ चार असले तरी ते कळविण्याच्या पद्धती मात्र अनेक आहेत. लांब दांडा, सुकाणूच्या खांबावरील काडी, फिरती चकती, बटणांची ओळ, बोटभर उंचीची कळ आणि अलीकडे स्पर्शपटल असे प्रकार आलिशान मोटारींत आढळतात.

एकच काम करणाऱ्या साधनाची इतकी रूपे का व्हावीत, चालकास त्यांपैकी कोणते आवडते आणि आवडणारे साधन सुरक्षित असतेच काय, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. विषय वरकरणी अभियांत्रिकीचा वाटला तरी त्यात मानसशास्त्र, वाणिज्य आणि कायदा यांचाही संबंध येतो. म्हणूनच विविध ज्ञानशाखांच्या अध्यापकांना तो विचारात घेण्याजोगा वाटेल.

पी-आर-एन-डी या क्रमाची जडणघडण :

'पी' म्हणजे पार्क, 'आर' म्हणजे रिव्हर्स, 'एन' म्हणजे न्यूट्रल आणि 'डी' म्हणजे ड्राइव्ह, हा क्रम आज स्वाभाविक वाटतो; परंतु तो आरंभापासून तसा नव्हता. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारींत 'हायड्रा-मॅटिक' ही स्वयंचलित यंत्रणा आणली. तिच्यात रिव्हर्सचे स्थान 'लो' गिअरच्या पलीकडे, म्हणजे ओळीच्या शेवटी होते. चिखलात किंवा बर्फात रुतलेली गाडी मागेपुढे हलवून बाहेर काढण्यास ही शेजारसंगत सोयीची होती. मात्र उतारावर 'लो' घेऊ पाहणाऱ्या चालकाचा हात थोडा पुढे सरकला की 'आर' पडण्याची भीती होती. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांचे क्रमही निरनिराळे होते.

राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या ग्रंथात मोटारींच्या इतर दोषांबरोबर या गोंधळावरही टीका केली. पुढे अमेरिकेच्या संघराज्य सुरक्षा मानक क्रमांक १०२ अन्वये, १९६८ पासून पुढे जाण्याचे आणि मागे येण्याचे स्थान यांच्यामध्ये न्यूट्रल असणे बंधनकारक झाले. 'पार्क' असल्यास ते टोकाला, रिव्हर्सच्या शेजारी असावे, असेही ठरले. चालकाच्या हाताची सवय ही कायद्याने जपण्याची गोष्ट आहे, हे तत्त्व यातून मान्य झाले. परंतु हे मानक क्रमापुरते होते. साधनाचा आकार कसा असावा, हा प्रश्न उत्पादकांच्या इच्छेवरच राहिला.

यांत्रिक जोडणीच्या काळातील प्रयोग :

क्रायस्लरने १९५६ ते १९६४ या काळातील मोटारींत बटणांचा निवडक दिला. फोर्ड कंपनीच्या १९५८ च्या एडसेल मोटारीत तर ही बटणे सुकाणूच्या मध्यभागी, म्हणजे जेथे हॉर्न अपेक्षित असतो तेथे होती. हॉर्न वाजवू पाहणाऱ्या चालकाचा हात गिअरच्या बटणाकडे जाऊ लागला आणि ही रचना एका वर्षातच मागे घ्यावी लागली. रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोमध्ये खांबावरील बारीक काडीस विद्युत यंत्रणेची जोड दिली. त्यामुळे दोन बोटांच्या हलक्या हालचालीने गिअर निवडता येऊ लागला.

जग्वारने १९८६ च्या एक्सजे मोटारीत इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराची खाच वापरली. एका बाजूस पी, आर, एन, डी आणि दुसऱ्या बाजूस खालचे गिअर अशी तिची विभागणी होती. अभियांत्रिकी प्रमुख जिम रँडल यांच्या नावावरून तिला 'रँडल हँडल' असे टोपणनाव पडले. या रचनेचा गुण असा की, दांडा कोणत्या बाजूस आहे हे न पाहताही तळहाताला समजते. खाचेचा आकार हाच चालकाला मिळणारा संदेश होता.

विद्युत जोडणीनंतर :

पूर्वी दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यात तारेचा किंवा दांडीचा प्रत्यक्ष दुवा असे. म्हणून दांडा विशिष्ट जागी व विशिष्ट लांबीचा असणे भाग होते. हा दुवा जाऊन विद्युत संदेश आल्यावर निवडकाच्या आकारावरील यांत्रिक बंधन संपले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे झेडएफ या जर्मन कंपनीचा २००९ मध्ये प्रचारात आलेला आठ गतींचा गिअरबॉक्स होय. तत्त्वतः एकाच कुळातील ही यंत्रणा बीएमडब्ल्यूमध्ये आखूड दांड्याने, जग्वारमध्ये चकतीने आणि रोल्स-रॉइसमध्ये काडीने हाताळली गेली. यंत्र समान असता साधन भिन्न ठेवण्याचे कारण अर्थातच यंत्रात नसून कंपनीची ओळख व ग्राहकाची आवड यांत शोधावे लागते.

प्रमुख प्रकारांचे गुणदोष संक्षेपाने असे सांगता येतील :

(१) खांबावरील काडी : बीएमडब्ल्यूने २००१ च्या सेव्हन सीरीजमध्ये आणि मर्सिडीज-बेंझने २००५ च्या एस-क्लासमध्ये ती दिली. दोन आसनांमधली जागा मोकळी होते व हात सुकाणूजवळ राहतो. तथापि बीएमडब्ल्यूने २००८ च्या पुढील पिढीत निवडक पुन्हा मधल्या भागात आणला, तर मर्सिडीजने काडीच कायम ठेवली. एकाच रचनेविषयी दोन प्रतिष्ठित उत्पादकांनी विरुद्ध निर्णय घ्यावेत, हे लक्षणीय आहे.

(२) फिरती चकती : २००७ मध्ये सादर झालेल्या जग्वार एक्सएफमध्ये इंजिन सुरू होताच चकती सपाटीतून वर येई. ग्राहकास दिपविणारा हा क्षण होता. टोकापर्यंत फिरविली की स्थान निश्चित कळते. मधली स्थाने मात्र स्पर्शाने ओळखणे कठीण जाते. जग्वारने पुढे २०१९ च्या सुधारित एक्सई मोटारीत दांडा परत आणला.

(३) मध्यस्थितीत परतणारा दांडा : ढकलल्यावर किंवा ओढल्यावर तो स्वतःच मूळ जागी येतो. हाताळण्यास हलका, परंतु गाडी कोणत्या स्थितीत आहे हे दांड्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी दिव्यावर किंवा पडद्यावर विसंबावे लागते.

(४) बटणे व कळी : जागा अत्यल्प लागते. परंतु बटण दाबण्यासाठी बहुधा नजर रस्त्यावरून काढावी लागते. लिंकनच्या २०१५ सालच्या एमकेसी मोटारीत इंजिन बंद करण्याचे बटण गिअरच्या बटणांच्या ओळीतच खाली होते. चालत्या गाडीत ते चुकून दाबले जाऊ लागल्याने २०१४ मध्येच गाड्या परत बोलावून त्याची जागा बदलावी लागली.

पसंती आणि सुरक्षितता यांतील अंतर :

मानव-यंत्र संबंधांच्या अभ्यासात हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अल्फोन्स चापानिस यांनी बॉम्बफेकी विमानांतील एकसारख्या दिसणाऱ्या मुठींना निरनिराळे आकार देण्याचा उपाय सुचविला. कारण वैमानिक पंखपट्टीऐवजी चाकांची मूठ ओढत असत. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात वस्तूने वापरकर्त्यास दिलेल्या प्रतिसादाचे महत्त्व विशद केले. चूक माणसाची दिसली तरी तिचे बीज रचनेत असू शकते, हा या परंपरेचा सारांश होय.

याचा दुःखद प्रत्यय २०१६ साली आला. फियाट-क्रायस्लरच्या जीप ग्रँड चेरोकी, क्रायस्लर ३०० व डॉज चार्जर या मोटारींत मध्यस्थितीत परतणारा दांडा होता. तो दिसावयास जुन्या दांड्यासारखा, परंतु वागण्यात वेगळा होता. दांडा पुढे ढकलला म्हणजे 'पार्क' झाले, असे समजून चालक उतरत आणि गाडी घरंगळत असे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने चौकशी केली. एप्रिल २०१६ मध्ये जगभरातील सुमारे ११ लाख गाड्या परत बोलाविण्याचे जाहीर झाले. मासेरातीच्या काही मोटारींवरही अशीच वेळ आली. त्याच वर्षी जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन याचा स्वतःच्याच घरंगळलेल्या ग्रँड चेरोकीमुळे मृत्यू झाला. दुरुस्तीचा मुख्य भाग असा होता की, चालक उतरू लागल्यास गाडीने स्वतःच 'पार्क' घ्यावे. असे संरक्षण काही आलिशान मोटारींत आधीपासून होते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. पूर्णतः अनोळखी साधन चालकाला सावध करते. जुन्यासारखे दिसणारे नवे साधन त्याला निर्धास्त करते. म्हणून ओळखीचे दिसते यासाठी मिळालेली पसंती ही सुरक्षिततेची खूण मानता येत नाही.

भारतीय संदर्भ :

मर्सिडीज-बेंझचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे आणि जग्वार २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. त्यामुळे हा विषय आपल्यास परका नाही. त्यातही दोन गोष्टी विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट सवयीची. मारुती, ह्युंदाई, टाटा इत्यादींच्या आपल्याकडील बहुतेक गाड्यांत वळणाचा दिवा दाखविणारी काडी सुकाणूच्या उजवीकडे असते. मर्सिडीजमध्ये मात्र उजवीकडील काडी गिअरची असते आणि दिव्याची डावीकडे. अनेक वर्षांचा सराव असलेला हात वळणावर दिवा लावण्यासाठी उजवीकडे गेल्यास गाडी न्यूट्रलमध्ये जाऊ शकते. तसेच २०१४ च्या सेलेरिओपासून रुजलेल्या ए.एम.टी. प्रकारच्या गाड्यांत 'पी' हे स्थानच नव्हते. तेथे हँडब्रेक ओढूनच उतरावे लागे. अशा गाडीवर तयार झालेल्या चालकाच्या हाताला 'पी'ची सवय असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट मालक व चालक यांच्यातील भेदाची. आपल्याकडे आलिशान मोटार विकत घेणारा अनेकदा मागच्या आसनावर बसतो आणि पगारी चालक ती चालवितो. हॉटेलच्या दारात ती वाहनतळ-सेवकाच्या हाती जाते, ज्याला एका संध्याकाळी पाच प्रकारचे निवडक हाताळावे लागतात. शोरूममध्ये पसंती नोंदविणारा एक आणि जोखीम पत्करणारा दुसरा, अशी ही स्थिती आहे. गाडी ताब्यात देताना होणारे प्रात्यक्षिक मालकासमोर होते. ते चालकासमोर होणे अधिक आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१) गिअर-निवडकाच्या विविधतेचे कारण आज यांत्रिक नसून प्रामुख्याने व्यापारी व सौंदर्यविषयक आहे.

२) चालकाची पसंती एकजिनसी नसते. खरेदीच्या वेळी नावीन्य आवडते, रोजच्या वापरात सवय आवडते आणि घाईच्या प्रसंगी न पाहता कळणारे साधनच उपयोगी पडते.

३) दांड्याची स्थिती हीच गाडीची स्थिती, ही जुनी हमी गेल्यावर तिची जागा स्वयंचलित 'पार्क'सारख्या संरक्षणाने भरून काढणे अनिवार्य ठरते.

४) १९६८ साली क्रमाबाबत जे झाले, ते आकार व प्रतिसाद यांबाबतही होण्याची गरज आहे.

समारोप :

अलीकडील काही विद्युत मोटारींत स्पर्शपटलावर बोट सरकवून दिशा निवडली जाते. हाताला कळणारी खूण अशा रीतीने क्रमाने नाहीशी होत आहे. गाडी थांबल्यावर चालक ज्या क्षणी दार उघडतो, त्या क्षणी त्याचे लक्ष गाडीवर नसते. ते घराकडे, सामानाकडे किंवा मुलांकडे असते. निवडकाची परीक्षा त्या क्षणी होते आणि कोणत्याही रचनेचे मूल्यमापन त्या क्षणाला धरूनच व्हावयास हवे.